युद्धाविरुद्धची गाणी आणि रेकॉर्डचा धंदा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महिन्यातून एका रविवारी आमच्या घरी पाचसात जण जुन्या रेकॉर्ड ऐकायला जमतात. व्हिएतनाम युद्धाच्या काळातली अमेरिकन गाणी लावली की तेच तेच प्रश्न निघतात. ही गाणी छापली कोणी, विकली कोणी, पैसा कोणाच्या खिशात गेला? गाण्यांच्या अर्थावर भरपूर लिहिलं गेलंय, धंद्यावर त्या मानाने कमी. म्हणून ही उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतोय.

युद्धविरोधी गाणं नेमकं कशाला म्हणायचं?

युद्धात माणसं का मरताहेत, असा प्रश्न जे गाणं सत्तेला विचारतं, ते माझ्या लेखी युद्धविरोधी. नुसतं शहिदांबद्दल हळहळणारं गाणं त्यात बसत नाही. आपण पोवाडे ऐकत वाढलो, त्यामुळे रणांगण म्हटलं की कान आपोआप शौर्याच्या वर्णनाकडे वळतात. या गाण्यांत रणांगण फार कमी दिसतं. दिसते ती भरतीची चिठ्ठी, घरी आलेली शवपेटी आणि टीव्हीवर बोलणारा राष्ट्राध्यक्ष.

हे सगळं व्हिएतनामपासून सुरू झालं का?

नाही. १९१५ साली युरोपात पहिलं महायुद्ध पेटलेलं होतं आणि अमेरिका अजून बाहेर होती. तेव्हा 'आय डिडन्ट रेझ माय बॉय टू बी अ सोल्जर' हे गाणं तिथे घराघरात पोचलं. मी माझा मुलगा शिपाई व्हायला वाढवला नाही, असं म्हणणारी आई त्यात आहे. तेव्हा गाणं विकलं जायचं कागदावर. नोटेशन छापलेली चार पानं विकत आणायची आणि घरच्या पियानोवर वाजवायची. या गाण्याच्या साडेसहा लाखांच्या आसपास प्रती खपल्या. प्रकाशक होता न्यूयॉर्कचा लिओ फाइस्ट. चाल आपली चोरलीय म्हणून हॅरी हास नावाच्या एकाने दावा लावला आणि १९१६ मध्ये न्यायाधीश लर्नेड हँड यांनी निकाल त्याच्या बाजूने दिला. शांततेच्या गाण्यावरसुद्धा मालकीचं भांडण इतक्या लवकर उभं राहिलं होतं.

पुढचं जास्त बोलकं आहे. एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली. जॉर्ज कोहनचं 'ओव्हर देअर' हे पोरांना आघाडीवर धाडणारं गाणं देशभर गाजायला लागलं. त्याचे हक्क २५,००० डॉलर मोजून विकत घेतले ते याच लिओ फाइस्टने. दोन वर्षांत दुकान तेच, माल उलटा. मला यात फाइस्टचा दुष्टपणा दिसत नाही. गिऱ्हाईक काय मागतंय ते बघून तो माल भरत होता, आणि पुढच्या सगळ्या कंपन्यांची रीत हीच राहिली. या रीतीतूनही काही गाणी निसटून बाहेर आली. ती कशी निसटली, हेच मला सांगावंसं वाटतं.

मग साठच्या दशकात बड्या कंपन्या युद्धाविरुद्ध होत्या की बाजूने?

कंपनी म्हणून त्यांना बाजू नव्हती. आर.सी.ए. रेकॉर्ड काढायची आणि अमेरिकी लष्करासाठी इलेक्ट्रॉनिक यंत्रणाही बनवायची. १९६६ साली तिनेच सार्जंट बॅरी सॅडलर या सैनिकाचं 'द बॅलड ऑफ द ग्रीन बेरेज' काढलं. लष्कराच्या खास तुकडीचा गौरव करणारं ते गाणं अमेरिकेतल्या खपत्या गाण्यांच्या यादीत पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. साठच्या दशकात सगळी पोरं युद्धाविरुद्ध गात होती असं मनात धरून बसलेल्यांनी हे लक्षात ठेवावं.

सी.बी.एस.चं उदाहरण तर एकाच घरातलं आहे. सी.बी.एस. म्हणजे मोठी टीव्ही वाहिनी, आणि कोलंबिया रेकॉर्ड्स ही तिचीच कंपनी. कम्युनिस्ट असल्याच्या आरोपावरून लोकगायक पीट सीगर यांना मोठ्या टीव्ही वाहिन्यांनी कित्येक वर्षं दारात उभं केलं नव्हतं, पण कोलंबिया त्यांच्या रेकॉर्ड विकत होती. १९६७ मध्ये त्यांनी 'वेस्ट डीप इन द बिग मडी' लिहिलं. १९४२ साली लुइझियानात सराव करणारी तुकडी, नदीचं पाणी गुडघ्याला, मग कमरेला, मग गळ्याला येतं आणि कॅप्टन पुढे चला म्हणतच राहतो. व्हिएतनामचं नावही त्यात नाही. कॅप्टन म्हणजे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन, हे ऐकणाऱ्याला सांगावं लागत नव्हतं. कोलंबियाने ते रेकॉर्डवर घेतलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सीगर ते स्मदर्स ब्रदर्स या दोघा विनोदी भावांच्या कार्यक्रमात गायले, तेव्हा सी.बी.एस. टीव्हीने तेवढा भाग कापला. दुकानात विकायला चालतं, पण दिवाणखान्यात दाखवायला नाही, कारण टीव्हीवर जाहिरातदार आणि सरकारी परवाना दोन्हींची भीती. दोघा भावांनी वर्तमानपत्रांतून ओरडा केला आणि फेब्रुवारी १९६८ मध्ये सीगर पुन्हा येऊन ते पूर्ण गायले. पुढच्या वर्षी सी.बी.एस.ने तो कार्यक्रमच बंद केला.

आणि याच कोलंबियाने १९६८ च्या शेवटी तरुणांच्या मासिकांत जाहिरात दिली. कोठडीत बसलेली आंदोलक पोरं आणि खाली मजकूर, की सत्ता आमचं संगीत मोडू शकणार नाही. ती बघून मला आजही राग येतो.

रेडिओ वाजवायला तयार नव्हते, तरी 'ईव्ह ऑफ डिस्ट्रक्शन' पहिल्या क्रमांकावर कसं गेलं?

अमेरिकेत तेव्हा आपल्या आकाशवाणीसारखं एक केंद्र नव्हतं. शेकडो खाजगी स्टेशनं, प्रत्येकाचा मालक वेगळा. एकाने बंद केलं तर पलीकडच्या शहरातला लावायचा. बंदीची बातमी हीच जाहिरात ठरायची.

गाणं लिहिलं १९ वर्षांच्या पी. एफ. स्लोनने. मारायच्या वयाचे झालो पण मत द्यायच्या वयाचे नाही, ही त्यातली तक्रार अक्षरशः खरी होती. सैन्यात सक्तीने नेत अठराव्या वर्षानंतर आणि मतदानाचं वय होतं २१, जे १९७१ मध्ये घटनादुरुस्ती होऊन १८ वर आलं. बॅरी मॅकग्वायरने जुलै १९६५ मध्ये कागदावर बघत बघत जे कच्चं गायलं, तेच डनहिल या नव्या कंपनीने बाहेर सोडलं. आवाज घोगरा, शब्दांवर अडखळणं ऐकू येतं. सप्टेंबरमध्ये ते पहिल्या क्रमांकावर होतं. मोठ्या कंपनीत ते आधी पाच टेबलांवरून फिरलं असतं आणि नीट घासूनपुसून, निर्जीव होऊन बाहेर आलं असतं, असं मला वाटतं.

'ओहायो' काही आठवड्यांत बाजारात आलं म्हणतात. त्या काळात हे शक्य होतं?

होतं, आणि कसं ते बघण्यासारखं आहे.

४ मे १९७०. ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्ड या राखीव सैन्याच्या जवानांनी विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या. १३ सेकंद, ६७ गोळ्या. चार विद्यार्थी मेले, नऊ जखमी झाले. मेलेल्यांपैकी दोघं आंदोलनात नव्हतीच, एका तासावरून दुसऱ्या तासाला निघाली होती. 'लाइफ' मासिकातले फोटो गायक नील यंगने बघितले, गिटार घेतली आणि गाणं लिहिलं. २१ मे रोजी क्रॉस्बी, स्टिल्स, नॅश आणि यंग लॉस एंजेलिसच्या रेकॉर्ड प्लँट स्टुडिओत उभे राहिले आणि मोजक्याच टेकमध्ये सगळ्यांनी एकत्र वाजवून गाणं संपवलं. वर काही चढवलं नाही, घासलं नाही.

एरवी टेप आली की तिच्यावरून लॅकरच्या तबकडीत खाच कोरायची, त्या तबकडीवर धातूचा मुलामा चढवून साचा काढायचा, मग साच्यांवरून प्रती दाबायच्या. त्यापुढे लेबलं, पाकिटं, ट्रक. या सगळ्यात बराच वेळ जायचा. अटलांटिक रेकॉर्ड्सने ते जूनमध्येच दुकानात पोचवलं. तेही अशा वेळी, की याच गटाचं 'टीच युअर चिल्ड्रन' हे गोड गाणं यादीत वर चढत होतं. नवीन गाणं मध्ये आणलं की चढणाऱ्याचा पाय ओढला जातो हे धंद्यातलं पोरही सांगेल. गटाने हट्ट धरला आणि कंपनीने तोटा पत्करला. गंमत बघा, अटलांटिकची मालकी तेव्हा किनी नावाच्या कंपनीकडे होती, आणि किनीचा मूळ धंदा पार्किंगच्या जागा आणि अंत्यसंस्कार! इतक्या वरच्या मालकाला खाली कोणती तबकडी निघतेय याचं सोयरसुतक नसतं. त्या फटीतून कधी कधी चांगली गोष्ट बाहेर पडते.

अनेक ए.एम. स्टेशनांनी 'ओहायो' नाकारलं, कारण त्यात राष्ट्राध्यक्ष निक्सनचं नाव आहे. एफ.एम.वाल्यांनी ते उचललं. त्यामागे सरकारचाच एक नियम होता. एकाच मालकाने ए.एम. आणि एफ.एम.वर तोच कार्यक्रम दिवसभर लावू नये, असा आदेश साठच्या दशकात निघाला आणि मोठ्या शहरांतल्या एफ.एम. केंद्रांना अचानक वेगळं काहीतरी वाजवणं भाग पडलं. तिथे रात्रपाळीला बसलेली पंचविशीतली पोरं स्वतःच्या पसंतीच्या रेकॉर्ड लावायची. गाणं चौदाव्या क्रमांकापर्यंत पोचलं. एका तांत्रिक नियमाने केवढं दार उघडलं!

मोटाउनने युद्धाची गाणी आधी अडवली आणि मग तीच विकली, हे खरं का?

खरं आहे, दोनदा घडलं.

डेट्रॉइटची मोटाउन ही बेरी गॉर्डी यांनी उभी केलेली कृष्णवर्णीयांच्या मालकीची कंपनी. गोऱ्या घरांतही खपेल असं संगीत करायचं, कुणाला दुखवायचं नाही, हे तिचं गणित होतं. कृष्णवर्णीय माणसाने त्या देशात शून्यातून कारखाना उभा केला, त्याने जपून पावलं टाकणं मी समजू शकतो. नॉर्मन व्हिटफील्ड आणि बॅरेट स्ट्राँग यांनी लिहिलेलं 'वॉर' १९७० मध्ये आधी टेम्पटेशन्सच्या अल्बममध्ये आलं. ते वेगळ्या तबकडीवर काढा, अशी मागणी विद्यार्थ्यांकडून येऊ लागली. पण टेम्पटेशन्स हा कंपनीचा सोन्याचा हंडा, त्यांचा सनातनी श्रोता बिथरला तर? मग तेच गाणं एडविन स्टार या कमी मानाच्या गायकाला दिलं. त्याच्याकडे गमावण्यासारखं कमी होतं. तो असा काही तुटून पडला, की ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गाणं तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं.

दुसरं, 'व्हॉट्स गोइंग ऑन'. त्याचं बी फोर टॉप्स गटातल्या ओबी बेन्सनच्या डोक्यात पडलं. मे १९६९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत पोलिसांनी पोरांना झोडपताना त्याने पाहिलं. त्याच्या गटाने गाणं नाकारलं, ते मार्व्हिन गेकडे आलं. गेचा धाकटा भाऊ फ्रँकी व्हिएतनामहून परतला होता आणि त्याने जे सांगितलं ते गेच्या मनातून जात नव्हतं. १९७० च्या जूनमध्ये गाणं ध्वनिमुद्रित झालं. सुरुवातीला पार्टीतल्यासारखी कुजबुज ऐकू येते ना, त्यात डेट्रॉइटच्या फुटबॉल संघाचे दोन खेळाडू, मेल फार आणि लेम बार्नी, आहेत. आणि गेचा आवाज स्वतःच्याच आवाजाबरोबर गातोय असं जे वाटतं, तो अपघात आहे. दोन वेगळे टेक ध्वनितंत्रज्ञाकडून एकाच वेळी वाजले, मार्व्हिनला ते आवडलं, तसंच ठेवलं.

गॉर्डींना गाणं मुळीच आवडलं नाही. गे हट्टाला पेटला, हे काढत नाही तोवर दुसरं काही गाणार नाही म्हणाला. शेवटी जानेवारी १९७१ मध्ये कंपनीतल्याच वरिष्ठांनी गॉर्डींना न विचारता एक लाख प्रती दाबून बाजारात सोडल्या. त्या हातोहात खपल्या, लगेच आणखी लाखभर काढाव्या लागल्या. मग गॉर्डी स्वतःच गेकडे अल्बम मागायला गेले. मे महिन्यात अल्बम आला आणि त्यावर मोटाउनच्या वाजवणाऱ्यांची नावं पहिल्यांदा छापली गेली. इतकी वर्षं शेकडो गाणी ज्यांच्या बोटांवर उभी होती, त्यांची नावं पाकिटावर यायला हे गाणं लागलं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

पैसा नेमका कोणाला मिळायचा?

यासाठी तबकडीच्या मधल्या लेबलावरची बारीक अक्षरं वाचा. पुण्याच्या जुन्या बाजारात मला 'फॉर्च्युनेट सन'ची छोटी तबकडी मिळाली होती. काठाला टवका, एक ओरखडा आणि त्यामुळे दर फेरीला टिक् असा आवाज. गाण्याच्या नावाखाली कंसात जे. फोगर्टी, खाली जॉन्डोरा म्युझिक आणि बी.एम.आय. कंसातलं नाव लिहिणाऱ्याचं, जॉन्डोरा ही प्रकाशन कंपनी, आणि बी.एम.आय. ही रेडिओ-हॉटेलांकडून पैसे गोळा करून वाटणारी संस्था. मालकी दोन प्रकारची असते. एक ध्वनिमुद्रणाची, ती रेकॉर्ड कंपनीकडे. दुसरी शब्द-चालीची, ती प्रकाशकाकडे. गाणं कोणीही पुन्हा गायलं तरी पैसा दुसऱ्या वाटेने येत राहतो. म्हणून खरी म्हातारपणाची सोय प्रकाशन हक्कात असते, आणि विशीतली पोरं नेमकी त्यावरच सही करून मोकळी होतात. आपल्याकडे गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा सहीसरशी हातातून जाऊ नये, अशी तरतूद कायद्यात यायला २०१२ उजाडलं.

जॉन फोगर्टीचं तसंच झालं. 'फॉर्च्युनेट सन' १९६९ चं. बड्यांची पोरं युद्धातून सुटतात आणि गरिबांची जातात, हा त्यातला संताप. हक्क फँटसी रेकॉर्ड्सकडे, म्हणजे तिचा मालक सॉल झेंट्झकडे. करारातून सुटायला फोगर्टीने १९८० मध्ये जुन्या रेकॉर्डवरची रॉयल्टीही सोडून दिली. वर झेंट्झच्या कंपनीने त्याच्यावर खटला भरला, की तुझं नवीन गाणं तुझ्याच जुन्या गाण्याची नक्कल आहे, आणि जुनं आमचं आहे! ज्यूरीने फोगर्टीच्या बाजूने कौल दिला. वकिलाच्या खर्चाचा वाद मात्र सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, निकाल १९९४ चा. या गाण्याचा सुरुवातीचा देशभक्तीसारखा वाटणारा तुकडा तेवढा कापून जीन्सच्या जाहिरातीत वापरला गेला, पुढचा संताप गाळून. फोगर्टीला ते थांबवता आलं नाही. २०२३ च्या जानेवारीत, वयाच्या ७७ व्या वर्षी, त्याने या गाण्यांच्या प्रकाशन हक्कांचा मोठा वाटा विकत घेतला. स्वतःची गाणी, स्वतःच्या पैशाने.

उलट उदाहरणंही आहेत. पीट सीगर यांनी १९५५ मध्ये 'व्हेअर हॅव ऑल द फ्लॉवर्स गॉन'ची तीन कडवी लिहिली. पुढची कडवी, ज्यात फूल-मुलगी-सैनिक-थडगं-फूल असं वर्तुळ पुरं होतं, जो हिकरसनने १९६० मध्ये जोडली. किंग्स्टन ट्रिओने ते लोकगीत समजून रेकॉर्ड केलं. सीगर यांनी फोन केल्यावर त्यांनी आपलं नाव काढून सीगर यांचं घातलं. हिकरसनलाही त्याच्या कडव्यांचा वाटा मिळत राहिला. आणि कंट्री जो मॅक्डोनाल्डचं 'फिक्सिन टू डाय रॅग' १९६५ मध्ये बर्कलीत ख्रिस स्ट्रॅकवित्झच्या दिवाणखान्यात रेकॉर्ड झालं. स्ट्रॅकवित्झने मोबदल्यात फक्त प्रकाशन हक्क सांभाळायला मागितले. वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवामुळे गाणं जगभर गेलं, आणि त्या पैशातून त्याने आपल्या छोट्या लोकसंगीत कंपनीसाठी इमारत घेतली. युद्धाविरुद्धच्या एका गाण्यावर कित्येक अनामिक लोककलावंतांच्या रेकॉर्ड जगल्या.

आघाडीवरचे सैनिक ही गाणी ऐकायचे का?

ऐकायचे. छावणीच्या दुकानांत टेपरेकॉर्डर स्वस्तात मिळायचे, घरून टेपा यायच्या. त्यांचं सगळ्यात लाडकं गाणं मात्र युद्धाबद्दलचं नव्हतंच. अ‍ॅनिमल्सचं 'वी गॉटा गेट आउट ऑफ धिस प्लेस' हे बॅरी मान आणि सिंथिया वाइल यांनी शहरातल्या गरीब वस्तीतून बाहेर पडण्यावर लिहिलं होतं. इथून सुटायचं, एवढा एक शब्दार्थ सैनिकांना पुरला.

आणि व्हिएतनामी लोक काय गात होते?

हा प्रश्न सगळ्यात कमी विचारला जातो, याची मला खंत आहे. अमेरिकेचे ५८ हजारांवर सैनिक मेले, व्हिएतनामी माणसं लाखोंनी. त्यांचा कवी-गायक त्रिन्ह कॉन्ग सोन, जन्म १९३९, ह्वे शहरात वाढलेला. त्याची शांततेची गाणी खान्ह ली ही गायिका विद्यापीठांच्या मैदानांवर अनवाणी गायची. मागे मोठी कंपनी नव्हती. छापलेल्या गाण्यांच्या वह्या आणि हातोहात फिरणाऱ्या टेपा, एवढाच पसारा. सायगावच्या, म्हणजे दक्षिण व्हिएतनामच्या सरकारने गाण्यांवर बंदी घातली, कारण ती लढण्याची उमेद मोडतात. ३० एप्रिल १९७५ ला सायगाव उत्तरेच्या कम्युनिस्ट फौजांच्या हाती पडलं तेव्हा त्याने रेडिओवर जाऊन हातात हात गुंफण्याचं आपलं गाणं गायलं. नव्या सरकारलाही तो पटला नाही, कारण तो दोन्हीकडच्या मेलेल्यांसाठी रडला होता. त्याला काही वर्षं शेतावर राबायला पाठवलं. २००१ मध्ये तो गेला तेव्हा अंत्ययात्रेला लोटलेली गर्दी कोणी जमवलेली नव्हती.

युद्धग्रस्तांसाठीच्या मैफलीचे पैसे पोचतात का?

पोचतात, पण कागदपत्रं आधी केलेली असली तर. १ ऑगस्ट १९७१ ला रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी बांगलादेशच्या निर्वासितांसाठी न्यूयॉर्कला दोन खेळ केले. अली अकबर खाँ सरोदवर आणि आपल्या मुंबईचे अल्लारखाँ तबल्यावर होते. तिकिटांचे २,४३,४१८ डॉलर युनिसेफला गेले. त्याहून कितीतरी मोठी रक्कम तीन तबकड्यांच्या अल्बममधून आली. पण मैफल आधीच धर्मादाय म्हणून नोंदवलेली नसल्यामुळे ती करखात्यात वर्षानुवर्षं अडकली. रेकॉर्ड कंपन्यांचीही आपसात वाटपावरून ओढाताण झाली. निर्वासितांना गरज त्याच महिन्यांत होती.

पुढच्या युद्धांत तरी उद्योग धीट झाला का?

उलट झालं. १९९६ च्या दूरसंचार कायद्याने एका मालकाने देशभर किती स्टेशनं ठेवावीत याची मर्यादा काढून टाकली. आधी ती ४० होती. काही वर्षांत क्लिअर चॅनेल या एकाच कंपनीकडे हजारावर स्टेशनं जमली. ११ सप्टेंबर २००१ नंतर तिच्यात दीडशेवर गाण्यांची एक यादी फिरली, जपून वाजवा म्हणून. तिच्यात एडविन स्टारचं 'वॉर' होतं, 'ईव्ह ऑफ डिस्ट्रक्शन' होतं आणि जॉन लेननचं 'इमॅजिन'सुद्धा होतं. मार्च २००३ मध्ये, इराक युद्धाच्या तोंडावर, टेक्ससच्या डिक्सी चिक्स या कंट्री (अमेरिकन ग्रामीण ढंगाच्या) गटातल्या नॅटली मेन्सने लंडनच्या रंगमंचावर, आमच्या राज्यातूनच राष्ट्राध्यक्ष बुश आलाय याची लाज वाटते, असं म्हटलं. तेव्हा त्यांचं एका सैनिकावरचं गाणं पहिल्या क्रमांकावर होतं. ते कोसळलं. क्युम्युलस या दुसऱ्या रेडिओ कंपनीने आपल्या ४२ कंट्री स्टेशनांवरून त्यांना महिनाभर काढलं. एकाने बंद केलं तर पलीकडच्याने लावायचं, ही १९६५ ची सोय उरली नव्हती, कारण पलीकडचाही त्याच मालकाचा होता.

ऐकायला सुरुवात कुठून करू?

'ओहायो'पासून. चांगले हेडफोन लावा आणि गाणं विरत जातं तिथे बंद करू नका. कडवी संपलेली असतात, गिटार तेच तेच फिरत असते. मागून डेव्हिड क्रॉस्बीचा आवाज येतो, ठरवून लिहिलेला नसलेला, फाटलेला. चार मेले, का, अजून किती, असं तो ओरडत असतो आणि आवाज हळूहळू कमी केला जातो.